काकूच्या हातची काडतुसं

ज्या दिवशी घरी काडतुसं भरायची असत त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटत नसे. माय पहाटेच सगळ्यांच्या भाकरी थापून टोपल्यात झाकून ठेवायची, अंघोळीचं पाणी एकदाच तापायचं, आणि उन्हं ओसरीवर यायच्या आत ती निखारे बाहेर ओढून त्यांवर तांब्याभर पाणी ओतायची. फस्स् आवाज व्हायचा, ओल्या राखेचा वास घरभर पसरायचा. देवापुढचा दिवाही मालवावा लागे, आणि ते करताना माय दर वेळी काहीतरी पुटपुटायची. देवाची क्षमा मागायची की बाबांवर चिडायची, मला कधी कळलं नाही. मग दिवसभर थंड भाकरी, ताक, कांदा, जवसाची चटणी आणि आदल्या रात्री उरलेलं वांग्याचं भरीत. बाकीच्या घरांत शिळासप्तमी श्रावणात एकदा येते, आमच्याकडे ती बाबांच्या मनाला येईल तेव्हा यायची. मला मात्र ते जेवण फार आवडायचं. आता इथं अमरावतीला लेकीच्या घरी सगळं गरमागरम ताटात येतं, आणि मी हळूच शिळी भाकर मागते तर लेक डोळे वटारते. तिला काय सांगू, थंड भरिताला एक वेगळी चव असते, आणि ती चव आली की माझ्या नाकात आपोआप दारूचा वास येतो. पिण्याच्या दारूचा नव्हे, बंदुकीच्या.

आमचं गाव बार्शीटाकळीजवळ. काळी जमीन, वावरात जवारी आणि कापूस, आणि वावराच्या टोकाला झुडपी डोंगर. त्या डोंगरात रानडुकरं. दाणा भरायला लागला की ती कळपानं उतरायची, आणि त्यांचं खाणं एक वेळ परवडलं असतं, पण लोळणं परवडत नसे; सकाळी जाऊन पाहावं तर जवारीचे पट्टेच्या पट्टे झोपलेले. म्हणून बाबांनी अकोल्याला साहेबाच्या कचेरीत खेटे घालून पीकरक्षणाचं लायसन काढलं होतं आणि एकनळी बाराबोरची बंदूक घेतली होती. आसपास तेवढी एकच बंदूक. विकतची काडतुसं कागदी पुठ्ठ्याची असत, ती आमच्या पावसाळी हवेत फुगायची आणि नळीत अडकून बसायची. त्यावर बाबांनी पितळी काडतुसं आणली. ती उडवली तरी रिकामं पितळ शाबूत राहतं, पुन्हा धुऊन, सुकवून घरीच भरता येतं. दारू, छर्रे आणि पितळेच्या बुडाला बसवायच्या, चाप ओढला की ठिणगी पाडणाऱ्या टोप्या आणायला बाबा अमरावतीला जायचे. ते सामान त्यांच्या एका पिशवीत असे आणि दुसऱ्या पिशवीत सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी. आम्हा पोरांना कोणत्या पिशवीत रस होता ते सांगायला नको.

भरायची जागा म्हणजे धान्याच्या खोलीतला पाट. पाट म्हणायचा, पण होतं ते मेजच. धारणीकडून आलेल्या सागाची जाड फळी, तिला सुतारानं चार पाय ठोकून दिले होते आणि पाय जमिनीत गाडले होते, म्हणजे ठोकताना हलू नये. फळीला ओळीनं भोकं पाडलेली, त्यांत काडतुसं तोंड वर करून उभी राहायची. दारू मोजायला तांब्याचं माप, ती दाबायला लाकडी दांडू, लोकरीच्या नमद्याच्या आणि पुठ्ठ्याच्या गोल चकत्या, एका मडक्यात छर्रे, शेवटी तोंड बंद करायला बाभळीचा डिंक. टोपी बसवायचं एक छोटं यंत्र होतं, ते दिसायला थेट अडकित्त्यासारखं, म्हणून आम्ही त्याला अडकित्ताच म्हणायचो. एकदा घरी आलेल्या एका पाहुण्यानं खरंच त्यात सुपारी धरली होती. लोखंडाची दुसरी वस्तू त्या खोलीत न्यायची नाही, चप्पल घालून जायचं नाही, आणि भराई चालू असताना बोलायचं नाही. बोलण्यात लक्ष गेलं तर एकाच काडतुसात दोनदा दारू पडते, असं बाबा सांगायचे.

आधी ते स्वतःच भरत. मग एका उन्हाळ्यात गाडीच्या जुवाखाली त्यांचा उजवा अंगठा चिरडला. बंदूक धरता येई, चाप ओढता येई, पण चिमटीत टोपी धरणं जमेना. टोप्या भुईवर सांडायच्या आणि बाबा शिव्या द्यायचे. तेव्हा त्यांचं लक्ष काकूकडे गेलं.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको, शेवंता. काका हिवतापानं गेले तेव्हा तिचं लग्न होऊन फार काळ झाला नव्हता, मूलबाळ नव्हतं. भावाचं घर बाळापूरला, पण बाबांनी तिला जाऊ दिलं नाही. भावाचा वाटा आहे, भावाची बायको इथंच राहील, असं म्हणाले. म्हणणं सोपं असतं. राहायचं होतं काकूला. तिनं सणाला पुढं यायचं नाही, कुणी प्रवासाला निघालं तर दारात दिसायचं नाही, हळदी-कुंकवाच्या ताटाला हात लावायचा नाही. तिच्या वाट्याला आलेली कामं म्हणजे धान्य निवडणं, गोधड्या शिवणं आणि देवाच्या वाती वळणं. ज्या हाताची वात देवाला चालते तो हात ताटाला का चालत नाही, हे मी एकदा मायला विचारलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता. तर त्या वाती. सुपात एकीशेजारी एक मांडलेल्या, सगळ्या एका जाडीच्या, एका लांबीच्या. बाबा सुपापाशी थांबून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मला म्हणाले, "वच्छे, काकूले इचार, काडतुसं भरशीन का म्हना."

काकू तिथंच, हातभर अंतरावर बसली होती. पण ती त्यांच्या धाकट्या भावाची बायको, ते तिचे भासरे. भासऱ्याशी बोलायचं नाही, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. त्यामुळे त्या दोघांमधलं सगळं बोलणं माझ्यामार्फत चाले. मी वळून म्हणायची, "काकू, बाबा म्हणून राहिले काडतुसं भरशीन का." काकू पदराआडून म्हणायची, "सांग, शिकवतीन तं भरीन." मग मी पुन्हा वळायची. मला त्या वेळी वाटे की मी नसते तर घर कसं चाललं असतं! आणि खरं सांगायचं तर बाबांनी तिला सगळी भराई शिकवली ती अशीच, माझ्या तोंडून. ते दाराबाहेर बसत, ती आत पाटापाशी. "म्हना, दांडू जोरानं नको ठोकू, नुसता दाब." "काकू, दांडू जोरानं नको ठोकू, नुसता दाब." दोनच दिवसांत मला भराई तोंडपाठ झाली आणि काकूला हातपाठ.

एक गोष्ट बाबा त्या वेळी बोलले ती मी विसरले नाही. मायनं कुरकुर केली होती, की असल्या कामाला बाईमाणूस कशाला, आणि बसवायचंच तर मी बसते. बाबा म्हणाले, "तुह्या हातात बांगड्या हायेत. एखांदी फुटून काच पडली मंग? तिचा हात मोकळा हाय, तो बरा." मायला ते लागलं की नाही ठाऊक नाही. पण काकू आतून ऐकत होती. जो मोकळा हात गावभर अशुभ होता, तो या एका कामाला बरा ठरला. त्या रात्री तिनं माझी वेणी घालताना एक गाणं गुणगुणलं, आणि मी तिला तोवर गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

भराईच्या दिवशी खोलीच्या दारात मला बसायची परवानगी होती, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. माझ्यासाठी तीच मोठी शिक्षा. कवडशातून धूळ तरंगायची. मापातून दारू पडतानाचा खस् असा आवाज, दांडूचा ठप, चकती, पुन्हा ठप, मग मडक्यातून छर्रे सरसर उतरायचे, जणू कुणी लांब सुपात तूर पाखडतंय. काकूचं तोंड अगदी शांत असायचं. एरवी ती घरात चोरासारखी वावरायची, कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून भिंतीला धरून चालायची. पाटापाशी मात्र पाठ ताठ. एक ओळ भरून झाली की ती शेवटचं काडतूस मला दाखवायची आणि भुवया उडवायची. जवारीच्या दिवसांत लोक बाबांना बोलवायला यायचे, सोबत म्हणायचे, "पाटील, काडतुसं घरचीच आना, विकतची नको." त्यांतल्या कितीजणांना ठाऊक होतं ती कुणाच्या हातची, देव जाणे. पण काकूला ऐकू जायचं. बाबांचे चुलतभाऊ नानाजी, ज्यांचा शब्द भावकीत चालायचा, त्यांना मात्र सगळं ठाऊक होतं, आणि ते ओसरीवर बसून पान लावता लावता म्हणायचे, "जिवाचं काम हाय बाबू. त्याले हात बी तसा लागते." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आता दसऱ्याचं सांगते. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी औजारं पुजली जात. नांगर, वखर, विळे, कुऱ्हाड धुऊन, तेल-हळद लावून, कुंकवाचं बोट ओढून, झेंडूचं फूल ठेवून. बंदूक ओसरीवर चौरंगावर मांडून तिची पूजा बाबा स्वतः करत. काकू त्या दिवसांत बाळापूरला भावाकडे जायची. तिला कुणी जा म्हणत नसे, पण सण सवाष्णींचा असतो हे तिला कळत होतं. त्या वर्षी जाण्याआधी तिनं जवारीसाठी काडतुसं भरून धान्याच्या खोलीत तबकात उभी करून ठेवली होती. पुढचं मायनं मला मनातल्या सगळ्या कारणांसह किती तरी वर्षांनी सांगितलं, पण जागच्या जागी सांगितलेलं बरं. सगळ्या औजारांची पूजा झाल्यावर मायच्या मनात आलं, की ज्याच्या त्याच्या औजाराची पूजा झाली, फक्त शेवंताच्या औजाराची राहिली. ती कुंकवाला हात लावू शकत नाही, म्हणून तिच्या पाटाला वर्षाचं कुंकू नाही? माय एकटीच ताट घेऊन आत गेली. पाट धुतला, त्यावर कुंकवाचं बोट ओढलं, दांडूला आणि अडकित्त्याला हळद लावली. आणि मग तबकातल्या काडतुसांना, बुडं वर करून, एकेकाला तेल-हळदीचं भरघोस बोट लावलं. भरलेलं काडतूस हे औजार नसतं, हे तिला कुणी सांगितलं होतं? पाटापासून तर तिला लांबच ठेवलं होतं. काकू यायच्या आदल्या दिवशी तिनं पाट आणि ती सगळी काडतुसं फडक्यानं लख्ख पुसली, कारण हळद-कुंकू पाहून शेवंताला वाईट वाटेल. कुणाला बोलली नाही. बोलून दाखवण्यासारखं ते नव्हतंच. मायचं प्रेम असंच, पाठ वळली की चालणारं. समोर ती काकूशी दोन शब्दांच्या वर बोलत नसे.

तेल मात्र आपलं काम करत राहिलं. टोपीच्या कडेनं ते आत झिरपलं आणि टोपीचा जीव गेला.

जवारी हुरड्यावर आली होती. दिवस मावळायच्या सुमारास आमचा सालदार सखाराम धावत आला, डुकरं उतरली म्हणाला. बाबा बंदूक घेऊन निघाले, खिशात काकूची काडतुसं. सखारामनं जे पाहिलं ते त्यानं नंतर इतक्यांदा सांगितलं, की मला वाटतं मीच तिथं होते. एक मोठा नर कणसांतून बाहेर आला, बाबांनी नेम धरला, चाप ओढला. टक्. एवढंच. बाबांनी नळी उघडली, दुसरं घातलं. टक्. डुकरानं मान वर केली आणि सरळ त्यांच्या अंगावर आलं. बाबांनी बंदूक उलटी धरून दस्त्यानं हाणलं, पण तोवर त्याच्या सुळ्यानं मांडी फाडली होती. सखाराम काठी घेऊन ओरडत मधे पडला म्हणून ते पळालं. नाहीतर मी हे सांगायला बसले आहे ना, ते वेगळ्याच तोंडानं सांगितलं असतं.

बाबांना खाटेवर घालून आणलं. मायनं आपलं लुगडं फाडून मांडी बांधली, सखारामनं गाडी जुंपली आणि नानाजी सोबत बसून त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. काकू धान्याच्या खोलीच्या दारात उभी होती, रक्त पाहून पुढं आली होती, मग आठवण झाल्यासारखी मागे सरली. जाताना बाबांच्या तोंडून एकच शब्द निघत होता, "उडलं नाई... उडलं नाई."

नानाजी अकोल्याहून परतले ते बाबांचा जीव वाचल्याची बातमी घेऊन, आणि दुसरी गोष्टही मनात पक्की करून. ओसरीवर भावकी जमली होती. ते मुद्दाम मोठ्यानं बोलले, आत ऐकू जावं म्हणून. "तरी मी म्हनत होतो. ज्या हातानं नवऱ्याचं कुकू राखलं नाई, त्या हातानं भरलेलं काडतूस भासऱ्याले काय राखीन? बाळापूरले निरोप धाडला हाय. तिचा भाऊ येईन अन् घेऊन जाईन." मी मायकडे पाहिलं. माय भिंतीला टेकून बसली होती. तिचा नवरा दवाखान्यात होता, तिला त्या घडीला दुसरं काही ऐकू येत होतं असं मला वाटत नाही. मी लहान होते, पण मला एवढं कळत होतं की काकू एकदा बाळापूरला गेली की तिथं ती भावजयीच्या घरातलं एक जादा ताट. इथं तिच्याजवळ निदान एक पाट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू त्या पाटापाशी बसली होती. चूल पेटलेली होती तरी ती आत जाऊन बसली, म्हणजे भरायला नव्हे. उरलेली काडतुसं तिनं फडक्यावर मांडली होती आणि एकेक उचलून उजेडात फिरवून पाहत होती. आपलं काय चुकलं ते शोधत होती. दारू ओली होती का? दाब कमी पडला का? एका काडतुसाच्या बुडावर, टोपीभोवतीच्या बारीक खाचेत तिनं पदराचं टोक फिरवलं. टोक पिवळं झालं. तिनं वास घेतला. मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मी दारात होते. काकूचा चेहरा मला दिसत होता. आधी त्यावर सुटका दिसली, खरंच सांगते, एकदम उजळला. मग तो हळूहळू विझला. घरात तेल-हळदीचं ताट कोण उचलतं हे तिला ठाऊक होतं. तेवढ्यात माय तिथं आली, तांदळाचा डबा न्यायला. फडक्यावरची काडतुसं, पदराचा डाग, सगळं तिच्या समोर होतं.

"हे पिवळं काय व शेवंता?" मायनं विचारलं.

काकूनं पदर मुठीत धरला. "काई नाई जाऊबाई. पितळ हाय. पितळ पिवळंच राहीन."

माय उभी राहिली. डबा तसाच हातात. मग निघून गेली, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. लोकांना वाटलं नवऱ्याच्या काळजीनं.

काकूचा भाऊ आला तो चांगला माणूस होता, उगाच त्याला नावं ठेवणार नाही. मान खाली घालून आला, मान खाली घालूनच त्यानं काकूची पेटी गाडीत ठेवली. काकूनं मला जवळ घेतलं, माझी वेणी सोडून पुन्हा घातली, काही गरज नसताना. नानाजी अंगणात उभे होते. आणि माय घरातून बाहेर आली ती डोक्यावरून शाल घेऊन, माझं मनगट धरून, सरळ गाडीकडे.

"तुमी कुठी?" नानाजी म्हणाले.

"अकोल्याले. बाळापूरच्या रस्त्यातच हाय ना." ती गाडीत चढली. "पोरीच्या बाबाले भेटल्याबिगर हिले नाई जाऊ देत मी. तुमी बी चला नानाजी, तुमच्यासमोरच बोलतो." सवाष्ण बाईनं भासऱ्याला तोंडानं चला म्हणावं आणि त्यानं चलावं, असं आमच्या अंगणात आधी कधी झालं नव्हतं. पण ते आले. माय काय बोलते याची त्यांना माझ्याइतकीच उत्सुकता असावी.

मायनं फडक्यात बांधून भाकरी आणि ठेचा आणला होता, तो कुणी उघडला नाही. काकू एका बाजूला, माय दुसऱ्या बाजूला, मधे मी, आणि गाडी हेलकावली की तिघींची डोकी एकमेकींना लागायची.

दवाखान्यात बाबा लोखंडी खाटेवर पडलेले, मांडी पांढऱ्या पट्टीत, दाढी वाढलेली. आम्हाला पाहून हसले. काकू रिवाजाप्रमाणे दाराबाहेर व्हरांड्यात थांबली, पदर तोंडावर ओढून. माय खाटेपाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं एका दमात सांगितलं. पूजेचं, तेलाचं, पुसून ठेवल्याचं. "शेवंताचा हात साफ होता. माहा हात आडवा आला," ती म्हणाली, आणि दोन्ही हात खाटेच्या कडेवर ठेवले, बांगड्यांसकट, जणू बाबांनी ते तपासून पाहावेत. इतका वेळ ज्या हाताला नानाजी दोष देत होते तो विधवेचा होता. आता हा समोरचा हात भरल्या चुड्याचा होता. "तुमच्या हातानं... तुमच्याच नवऱ्याचा..." एवढं बोलून ते थांबले. आपण काय कबूल केलंय हे मायला चांगलं ठाऊक होतं. आमच्या भावकीत हे वाक्य जन्मभर पुरलं असतं.

बाबा मला म्हणाले, "वच्छे, काकूले इचार, तिले ठाऊक होतं का."

मी दारापाशी गेले. "काकू, बाबा विचारून राहिले, तुले ठाऊक होतं का."

"सांग, होतं."

मी परत आले. "म्हणते, होतं."

"इचार, मंग बोलली काहून नाई. पेटी बांधून निघाली, पन बोलली काहून नाई."

मी वळले. पण मला दारापर्यंत जावं लागलं नाही. काकू उंबऱ्याच्या आत आली होती. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. आणि ती बोलली ते माझ्याशी नाही, मायशीही नाही, सरळ खाटेकडे बघून बोलली.

"मी बोलली असती तं मी राहिली असती. मले हाकललं तं मी बाळापूरले गेली असती, भाऊ हाय माहा. जाऊबाईले कोनी बोललं असतं, हिनंच नवऱ्यावर घात आनला म्हनून, तं त्या कुठी गेल्या असत्या?"

मायनं तोंडात पदर कोंबला. मी तोवर तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती रडली ती आवाज न करता, खांदे हलवत, आणि काकूनं पुढं होऊन तिचा हात धरला. कुंकवाच्या ताटापासून जो हात लांब ठेवला होता, तो माझ्या मायच्या चुड्यावर होता, आणि नानाजींनीही तिकडे पाहून खाली मान घातली.

या गोष्टीचा विचार करायला मला नंतर सगळा जन्म मिळाला. लग्न झालं, सासरी गेले, वाईट दिवस आले, चांगले आले, जावा-नणंदांशी भांडले, मी भांडखोर आहे, नाकारत नाही. पण दुसऱ्या बाईवर आळ घालून आपली जागा राखायची वेळ आली तेव्हा तेव्हा मला त्या दोघी आठवल्या आणि जीभ आवरली. एकीनं न बोलून दुसरीला वाचवलं आणि दुसरीनं बोलून पहिलीला. मला शाळा फार मिळाली नाही, पण दवाखान्याच्या त्या खोलीत जे मिळालं त्यापुढं मला शाळेची खंत वाटत नाही. देवानं मला एक माय दिली आणि घरानं दुसरी. कृतज्ञता याहून वेगळी कशाला म्हणतात मला ठाऊक नाही.

बाबांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग काकूकडे मान वळवली. भासऱ्यानं भावाच्या बायकोचं नाव घ्यायचं नसतं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, निरोप न्यायला तयार, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"शेवंता," ते म्हणाले, "डुकरं अजून जवारीतच हायेत. घरी जा, अन् भराले बस. पन एकटी नको बसू. जाऊबाईले बी शिकव."